एक थकीत खाते

लेक आणि जावई नोकरीनिमित्त पॅरिसला असतात. 2023 च्या उन्हाळ्यात आम्ही दोघे तिकडे गेलो होतो. एका शनिवारी दुपारी जावयांनी सगळ्यांना एका ‘बिस्त्रो’त जेवायला नेले. बिस्त्रो म्हणजे आपल्याकडची जुनी खानावळच म्हणा. दहा-बारा टेबले, त्यांवर कागद अंथरलेला, त्या दिवशीचे मोजके पदार्थ पाटीवर खडूने लिहिलेले आणि गल्ल्यावर स्वतः मालक.

जावयांनी ‘कोक ओ वँ’ मागवले. हा मुळात खेड्यातला पदार्थ. म्हातारा, चिवट कोंबडा वाया जाऊ नये म्हणून तो तांबड्या वाइनमध्ये मंद आचेवर तासन्‌तास शिजवायचा. पाव हवा तेवढा, त्याचे वेगळे पैसे नाहीत. शेजारच्या टेबलावरचे आजोबा पावाच्या तुकड्याने बशी पुसून रस्सा खात होते. मीही तसेच केले आणि घास तोंडात असतानाच मला चाचा आठवले.

चाचा आमच्या शाखेचे हेड कॅशियर. आज छत्रपती संभाजीनगर झालेल्या आमच्या औरंगाबादेत, शहागंजच्या घड्याळापासून हाकेच्या अंतरावर त्यांचे घर. शनिवारी अर्ध्या दिवसाचा हिशेब जुळला, की तिजोरीच्या किल्ल्या माझ्याकडे देताना म्हणायचे, “साब, एक दिन घर चलो, नान-खलिया खायेंगे.”

नान-खलिया ही आमच्या शहराची खास चीज. 1327 मध्ये महंमद तुघलकाने दिल्लीची राजधानी दौलताबादला आणली, तेव्हा फौजेबरोबर हे जेवण इकडे आले, असे जुने लोक सांगतात. मोठ्या देगेत शिजलेले मटण, वर लाल तर्री आणि सोबत हळद-गुळाच्या पाण्याचा हात फिरवून तंदुरात भाजलेला पिवळा नान.

मी दर वेळी काहीतरी सबब सांगे. 1988 ची दंगल झाली. त्यानंतरही चाचा विचारत, फक्त त्यांचा आवाज खाली गेला होता. त्यांच्या मुलीच्या लग्नाला गेलो, आहेराचे पाकीट दिले, सरबत घेतले आणि पोट बरे नाही म्हणून निघालो. बाजूलाच देगा उकळत होत्या.

मटण माझ्या घरात वर्ज्य नव्हते. दर रविवारी शिजायचे. मग वर्ज्य काय होते? कर्जदाराला शंभर प्रश्न विचारणारा आणि कादंबरीत माणसांच्या मनाचा तळ शोधणारा मी, हा एक प्रश्न स्वतःला कधी विचारला नाही. पॅरिसमध्ये मात्र, ज्याचे नावही मला धड उच्चारता येत नव्हते ते जेवण, ज्याला कधी पाहिले नव्हते अशा माणसाच्या हातचे, मी कौतुकाने खाल्ले होते.

परत आल्यावर चाचांना फोन केला. काही क्षण ते बोललेच नाहीत. मग म्हणाले, “आओ साब.”

डिसेंबरात लेक आणि नात सुट्टीवर आल्या, तेव्हा आम्ही सारे गेलो. जमिनीवर दस्तरखान अंथरले होते. चाचांच्या सुनेने आग्रह करकरून वाढले. नान जाड आणि मऊ. खलियात बुडवला की रस्सा पिऊन घेतो. नात तिकडच्या सवयीने नानच्या तुकड्याने वाडगे पुसून खाऊ लागली. ते पाहून चाचा तोंडभर हसले.

तेव्हा माझे लक्ष त्यांच्या ताटाकडे गेले. त्यात मऊ भात होता आणि पातळ वरण.

“डॉक्टरने मना किया है साब,” ते म्हणाले. “आप खाओ.”

उशीर झाला की व्याज चढते, हे मी नोकरीभर लोकांना बजावत आलो. ते कर्जदाराने भरायचे असते. इथे मात्र ते चाचा भरत होते. सुनेने दुसरा नान पुढे केला. मी नको म्हटले नाही.