हायब्रिड मोटार : हप्ता महिन्याचा, बचत किलोमीटरची

मोटार घेण्याचा निर्णय घरी होतो. हिशेब मात्र पुष्कळदा बँकेच्या टेबलावर होतो, आणि तोही कोटेशन हाती पडल्यानंतर. बंगळुरूच्या शाखेत वाहनकर्जाचे काम पाहत असताना मूळचे कोल्हापूरचे एक दांपत्य अशीच दोन कोटेशने घेऊन आले होते. मॉडेल एकच. एक गाडी साध्या पेट्रोलची, ऑटोमॅटिक, दुसरी हायब्रिड. रोड टॅक्स, विमा वगैरे धरून किमतीतला फरक तीन लाखांचा.

"साहेब, हायब्रिडच घ्यायची ठरवली आहे. वरचे तीन लाख पेट्रोलमध्येच सुटतील," यजमान म्हणाले. त्यांच्या पत्नी काही बोलल्या नाहीत. त्यांनी पर्समधून मुदत ठेवीची पावती काढून टेबलावर ठेवली. ठेव तीन लाखांची होती, मुलीच्या इंजिनीअरिंगच्या फीसाठी ठेवलेली. मुलगी अकरावीत होती. ही ठेव मोडून गाडीचे मार्जिन भरायचे, असा बेत होता.

वाचकहो, असा प्रसंग आज अनेक घरांत येतो, म्हणून त्या दिवशी कागदावर मांडलेला हिशेब येथे थोडा विस्ताराने देत आहे.

प्रथम, हायब्रिड म्हणजे काय? मराठीत 'संकरित' म्हणावे तर आपल्याला कपाशीचे बियाणे आठवते, म्हणून हायब्रिडच म्हणू. या गाडीत पेट्रोलचे इंजिन आणि विजेची मोटर, दोन्ही असतात. ब्रेक लावताना एरवी उष्णता होऊन वाया जाणारी ऊर्जा विजेच्या रूपाने बॅटरीत साठते आणि पुन्हा चालताना वापरली जाते. सिग्नलला किंवा मुंगीच्या गतीने सरकणाऱ्या रांगेत इंजिन बंद राहते. साहजिकच तिची खरी कमाई शहराच्या गर्दीत होते. मोकळ्या महामार्गावर एकसारख्या वेगाने जाताना ब्रेकच क्वचित लागतो, तेव्हा वाचवायला फारसे उरत नाही.

येथे एक सावधगिरीची सूचना. शोरूममध्ये 'माइल्ड' आणि 'स्ट्राँग' या दोन्ही प्रकारांना सर्रास हायब्रिड म्हणतात. माइल्ड प्रकारातील छोटी बॅटरी इंजिनला केवळ हातभार लावते. विजेवर गाडी खऱ्या अर्थाने चालते ती स्ट्राँग प्रकारातच. २०१५ साली आलेली मारुतीची सियाझ 'एसएचव्हीएस' पहिल्या प्रकारातली होती. या लेखातील हिशेब दुसऱ्या प्रकाराचा आहे.

माहितीपत्रकावरील मायलेजचा आकडा चाचणीच्या ठरावीक परिस्थितीतला असतो. २०२२ साली आलेल्या ग्रँड व्हिटारासाठी तो स्ट्राँग हायब्रिडला लिटरमागे २७.९७ किलोमीटर, तर गिअर हाताने बदलण्याच्या माइल्ड गाडीला २१.११ किलोमीटर असा होता. पेट्रोल १०५ रुपये धरले तर या आकड्यांवरून किलोमीटरमागे सव्वा रुपयासुद्धा वाचत नाही! प्रत्यक्षात मात्र शहरात दोन्ही गाड्यांचे मायलेज उतरते आणि पेट्रोलच्या गाडीचे अधिक उतरते. आम्ही शहरासाठी अनुक्रमे २० आणि १२ धरले. म्हणजे किलोमीटरला सव्वापाच रुपये विरुद्ध पावणेनऊ रुपये. बचत साडेतीन रुपये. महामार्गासाठी २१ आणि साडेसतरा धरले. बचत एक रुपया. (हे अंदाज आहेत. आपल्या रस्त्याचा आकडा त्याच रस्त्यावर रोज गाडी चालवणाऱ्याला विचारून घ्यावा.)

आता गाडी किती चालणार? यजमानांनी शहरात महिना ८०० किलोमीटर सांगितले. शिवाय वर्षातून दोनदा, गणपतीला आणि उन्हाळ्यात, कोल्हापूरची वारी. ते झाले वर्षाला सुमारे अडीच हजार किलोमीटर. शहरातील ९,६०० किलोमीटरवर ३३,६०० रुपये आणि महामार्गावर २,५०० रुपये, अशी वर्षाची एकूण बचत ३६,१०० रुपये. तीन लाखांना या रकमेने भागले की आठ वर्षे चार महिने होतात, आणि त्यात व्याजाचा एक पैसाही धरलेला नाही.

व्याज तर धरलेच पाहिजे. हे वरचे तीन लाख नऊ टक्के दराने सात वर्षांच्या कर्जातून उभे केले, तर हप्ता ४,८२७ रुपयांनी वाढतो. पेट्रोलची बचत महिन्याला साधारण तीन हजार. उरलेले अठराशे रुपये दर महिन्याला खिशातूनच जाणार. सात वर्षांत या तीन लाखांपोटी चार लाख पाच हजारांहून अधिक फेड होते.

"म्हणूनच तर ठेव मोडतोय, मग व्याजाचा प्रश्न कुठे?" यजमान म्हणाले. प्रश्न राहतोच. साडेसहा टक्के दराने तीन लाखांवर वर्षाला १९,५०० रुपये व्याज मिळते, ते बंद होणार. पण त्याहून मोठी अडचण तारखेची होती. मुलीची फी दोन वर्षांनी एका ठरावीक दिवशी भरायची. पेट्रोलची बचत येणार किलोमीटरा-किलोमीटराने. त्या दिवशी बचतीतून जमलेले असतील ७२,२०० रुपये, तेही दर महिन्याला निगुतीने बाजूला काढले तर. बाकीच्या रकमेसाठी शैक्षणिक कर्जाचा अर्ज घेऊन हेच दांपत्य पुन्हा आमच्याच शाखेत आले असते. बँकेचा कर्मचारी म्हणून त्यात वाईट काही नाही, पण ठेव मुळात त्यासाठीच होती.

याचा अर्थ हायब्रिड मोटार सर्वांनाच महाग पडते असा नाही. आमचे दुसरे एक ग्राहक, तीन दवाखान्यांत फिरणारे डॉक्टर, महिन्याला शहरातच १,८०० किलोमीटर जात. त्यांची बचत ६,३०० रुपये, म्हणजे वाढीव हप्त्याहून जास्त. त्यांना मी निःशंकपणे होकार दिला. वरील दराने आणि मुदतीने शहरात महिना १,३८० किलोमीटरच्या आसपास हप्ता आणि बचत यांची तोंडमिळवणी होते. किमतीतला फरक दोन लाखांवर आला, तर हाच आकडा ९२० होतो. तेव्हा कोटेशन घेताना दोन्ही गाड्यांच्या सोयी-सुविधा सारख्या आहेत ना, हे पाहावे. सनरूफची किंमत हायब्रिडच्या माथी मारू नये.

कराविषयी विचारणा नेहमी होते. विजेच्या वाहनाच्या कर्जावरील व्याजाला मिळणारी '८० ईईबी' कलमाची वजावट हायब्रिडला कधीच नव्हती. विजेच्या वाहनांसाठीही ती ३१ मार्च २०२३ पर्यंत मंजूर झालेल्या कर्जांनाच लागू होती. जीएसटी २०१७ साली आला तेव्हा मोठ्या हायब्रिडवर उपकरासह ४३ टक्के कर होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरहून लांब गाड्यांवर, त्या पेट्रोलच्या असोत वा हायब्रिड, ४० टक्के कर झाला. विजेच्या गाडीला ५ टक्के. रोड टॅक्स राज्यागणिक बदलतो. उत्तर प्रदेशाने जुलै २०२४ मध्ये स्ट्राँग हायब्रिडला नोंदणीच्या वेळी करमाफी दिली होती. आपल्या राज्यात काय आहे, हे विक्रेत्याच्या तोंडी शब्दावर न सोडता परिवहन कार्यालयात विचारावे.

बॅटरीची धास्ती थोडी अतिरंजित आहे. टोयोटा आणि मारुती यांच्या स्ट्राँग हायब्रिडच्या बॅटरीला आठ वर्षे किंवा १,६०,००० किलोमीटरची हमी मिळते. पण आमच्या दांपत्याचे तीन लाख वसूल होण्याची वेळही आठ वर्षांनंतरचीच होती, हे योगायोगाने का होईना ध्यानात आले. पुनर्विक्रीच्या किमतीबाबत मी भाकीत करीत नाही. २००८ साली होंडाने सिव्हिक हायब्रिड भारतात आणली, तेव्हा किंमत साडेएकवीस लाखांच्या घरात होती. काही महिन्यांतच ती सुमारे आठ लाखांनी उतरली. आधी घेणाऱ्यांनी काय म्हटले असेल, कल्पना करावी.

कागद पूर्ण झाल्यावर यजमान बराच वेळ आकड्यांकडे पाहत होते. मग त्यांच्या पत्नी प्रथमच बोलल्या. "अहो, पण मेट्रो व्हाइटफील्डपर्यंत आल्यापासून तुम्ही आठवड्यातले तीन दिवस मेट्रोनेच जाता. ते आठशे किलोमीटर कुठून आणले?"

यजमान हसले. ठेवीची पावती परत पर्समध्ये गेली. साध्या पेट्रोलच्या गाडीचे कर्ज त्याच आठवड्यात मंजूर झाले. गाडीच्या रंगावर मात्र दोघांचे एकमत व्हायला आणखी पंधरा दिवस लागले.