घरचा संगणक : लेखांक सातवा – उष्णतेची वाट

गेल्या लेखांकात यूपीएस आणि विजेचा लहरीपणा यांचा तपशील झाला. या खेपेस उष्णतेचा. बंगळुरात हा विषय काढला की येथील जुना रहिवासी किंचित हसतो, कारण समुद्रसपाटीपासून सुमारे ९२० मीटर उंचीवर वसलेल्या या नगरीची शीतल हवा त्याच्या लेखी पिढीजात इनामासारखी निर्वेध मिळकत असते, आणि २०१६ च्या एप्रिलात पारा ३९.२ अंशांवर गेला होता याची आठवण दिली, तरी तो ती अपवाद म्हणून दप्तरदाखल करतो.

परंतु ज्या उंचीने गारवा दिला तिनेच हवा विरळही केली. तितक्याच तापमानाच्या मुंबईच्या हवेशी तुलना केली, तर येथील हवा वजनात सुमारे दहावा हिस्सा कमी भरते. संगणकाचा पंखा तितक्याच फेऱ्यांत तितकेच घनफळ ढकलतो खरा, पण उष्णता वाहून नेते ते घनफळ नव्हे, वस्तुमान. तेव्हा मुंबईत खोलीच्या तापमानाहून चाळीस अंश वर राहणारा प्रोसेसर येथे चव्वेचाळीस अंशांपर्यंत वर जाऊ शकतो, आणि गारव्याच्या खाती जमा झालेले चार अंश विरळपणाच्या खाती खर्ची पडतात. इनामालाही सारा लागतोच म्हणायचा.

संगणकाने घेतलेली जवळजवळ सर्व वीज अखेरीस उष्णताच होते, हे एकदा ध्यानी आले म्हणजे पुढचा प्रश्न केवळ वाटेचा उरतो. सर्वसाधारण कॅबिनेटमध्ये थंड हवा पुढून शिरते व तापलेली मागून आणि वरून निघते. ते कॅबिनेट टेबलाच्या बंदिस्त कप्प्यात, पाठ भिंतीला टेकवून ठेवले, की बाहेर टाकलेलीच हवा पुन्हा आत ओढली जाते, आणि शंभर अंशांच्या आसपास पोहोचलेला प्रोसेसर स्वतःच्या रक्षणार्थ आपला वेग उतरवतो. त्यालाच आपण ‘मशीन म्हातारे झाले’ म्हणतो. आमच्या घरी वाट अडवली ती सावरीने. लालबागेतली प्रचंड पांढरी सावर प्रसिद्धच आहे, पण तिचे भाऊबंद वस्त्यांतूनही आहेत, आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी त्यांच्या बोंडांतला कापूस खिडकीतून येऊन पुढच्या जाळीवर असा बसतो की, ती जाळी सोलून काढावी तशी त्याची अखंड लादी हाती यावी. संगणक बंद करून, वायर काढून, पंख्याचे पाते बोटाने धरून ब्लोअर मारावा. पाते मोकळे सोडल्यास ते वाऱ्याने भरमसाट फिरते व पंखा बिघडण्याचा संभव असतो.

एक्स्टर्नल ड्राइव्हची गोष्ट निराळी. यूएसबीवर चालणारी छोटी ड्राइव्ह चार-साडेचार वॅटच घेते, पण तिला पंखा नसतो. जी उष्णता जायची ती डबीच्या भिंतींतूनच. आमची डबी धुळीपासून रक्षण व्हावे म्हणून क्रोशाच्या रुमालाखाली, आणि जागा वाचावी म्हणून सदैव कोमट असणाऱ्या राउटरच्या डोक्यावर नांदत होती. लग्नाच्या चित्रफितींची नक्कल उतरवताना तिसऱ्या तासाला ती मध्येच नाहीशी झाली, आणि उचलू गेलो तर बोट टेकवेना.

म्हणून ड्राइव्हला वातानुकूलन हवे, असे मात्र नाही. गूगलच्या संशोधकांनी २००७ साली लाखाहून अधिक हार्ड डिस्कांचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात तापमान आणि बिघाड यांचा संबंध अपेक्षेहून पुष्कळच शिथिल आढळला. किंबहुना अति थंड डिस्काच अधिक बिघडल्या होत्या, आणि अति उष्णतेचा जाच दिसला तो प्रामुख्याने तीन वर्षांपलीकडच्या डिस्कांत. आमची पाच वर्षांची होती.

आता ती मोकळ्या फळीवर, दोन लाकडी पट्ट्यांवर टेकून असते. रुमाल मिक्सरवर गेला आहे. मिक्सरही पुष्कळ तापतो, पण तो या लेखमालेच्या कक्षेत येत नाही.