माग थांबला की विडी चालायची

सोलापूरच्या भवानी पेठेत, घोंगडे वस्तीच्या बाजूला आमची गल्ली. सकाळी मागांची खडखड ऐकू आली नाही की शाळकरी पोरांनाही कळायचं, या आठवड्यात पगार तोकडा येणार. आम्ही पद्मशाली, विणकर समाजातले. आजोबा निजामाच्या मुलखातून सोलापूरला आले आणि 1877 साली सुरू झालेल्या जुन्या मिलच्या भोंग्यावर जगले. वडील यंत्रमागावर लागले, दहावीनंतर मीही.

चादरीच्या मागावर सगळं लक्ष धाग्यावर ठेवावं लागतं. वर जॅकार्ड असतं. नक्षीप्रमाणे छिद्रं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ त्यावर फिरत राहते. छिद्र आलं की ताण्याचा धागा वर उचलला जातो, नसेल तिथं खालीच राहतो, आणि मधून धोटा धावतो. आमची चादर दोन्ही अंगांनी वापरायची. एका अंगाला पांढऱ्या जमिनीवर लाल फूल, तर उलट्या अंगाला तेच फूल पांढरं. त्यामुळे चूक लपवायला जागाच नाही. धागा तुटला की माग थांबवायचा, टोक शोधायचं, चिमटीत गाठ मारायची, बारीक डोळ्यातून काढून फणीत ओवायचं आणि पुन्हा दांडा ओढायचा. मजुरी नगावर, म्हणून थांबलेलं प्रत्येक मिनिट आपल्याच खिशातून जायचं.

भारनियमनाच्या वर्षांत तर तासन्‌तास जायचे. वीज गेली की आम्ही कारखान्याच्या दारात बसून राहायचो. सुताचा भाव चढला किंवा माल उठेना झाला की मालक पाळी कमी करायचा. मग उचल घ्यायची, आणि ती फिटेपर्यंत दुसरी मंदी यायची.

अशा आठवड्यात घर अम्मा चालवायची. तेंदूची पानं रात्री भिजवून ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवायची. पहाटे पत्र्याचा फर्मा पानावर ठेवून कात्री फिरवायची. मग मांडीवर सूप, त्यात तंबाखू. पानात चिमूटभर भरून वळायचं, दोरा बांधायचा, टोक नखानं दुमडायचं. बोलता बोलता, माझा अभ्यास घेता घेता तिचा हात चालू असायचा. हजार विड्या वळल्या की हजाराची मजुरी, पण कारखान्यात तपासणारा त्यातल्या काही 'छाट' म्हणून बाजूला काढायचा. त्यांचे पैसे मिळायचे नाहीत. दिलेलं पान फाटकं निघालं तर पदरचं घालून हजार भरायचे. त्या नुकसानीचा राग मला आजही येतो. सोलापूर म्हटलं की लोक चादरीचं नाव घेतात. मी आधी विडीचं घेईन, कारण आमच्या पेठेत चादर विणणाऱ्यांच्या पोटात भाकरी बायकांच्या विडीनं घातली आहे.

2020 च्या टाळेबंदीत मात्र माग आणि विडी दोन्ही एकदम थांबलं. आमच्या घरात असं आधी कधीच झालं नव्हतं. शेजारच्या अक्कांनी तांदूळ दिले, रेशनचं धान्य आलं, तसे दिवस काढले.

विडी कामगारांसाठी 2025 पर्यंत 1966 चा कायदा होता, घरी बसून वळणाऱ्या बाईलाही तो लागू होता. विडी कामगार म्हणून अम्माकडं ओळखपत्र आहे, प्रॉव्हिडंट फंडाचा नंबर आहे आणि महिन्याला थोडी का होईना पेन्शन येते. वडिलांनी उभं आयुष्य मागावर काढलं, पण त्यांचं नाव कुठल्याही हजेरीपटावर नव्हतं. त्यांच्या औषधांचे पैसे अम्माच्या पेन्शनमधून जातात.