जुन्या मोटारीला नवी चाके

फ्रान्समधील बुगाटी कारखान्याने १९२४ साली आपल्या ‘टाइप ३५’ या शर्यतीच्या मोटारीला ओतीव ॲल्युमिनिअमची चाके बसवली. ॲल्युमिनिअमची घनता २.७, पोलादाची ७.८, त्यामुळे चाक हलके होते. अशा जुन्या मोटारी जपणारे हौशी लोक आज हुबेहूब नवी चाके बसवतात. पण रूप सारखे असले म्हणजे ताकदही सारखी असेलच असे नाही.

आपल्या भागातलेच उदाहरण घेऊ. सोलापूर-धाराशिव अंतर सुमारे ६५ किलोमीटर. टायरसह ६० सेंटिमीटर व्यासाचे चाक तेवढ्यात सुमारे ३४ हजार फेरे घेते. प्रत्येक फेऱ्यात त्याचे आरे भाराखाली किंचित वाकून सरळ होतात. साधे पोलाद ठरावीक मर्यादेखालचा ताण कितीही वेळा सोसते. ॲल्युमिनिअमला अशी निश्चित मर्यादा नाही; ते ‘थकते’ आणि अखेर तडकते. ओतकामात हवेचा बुडबुडा राहिला असेल तर तडा लवकर जातो.

म्हणून चाक घेताना उष्णतासंस्कार केलेला मिश्रधातू, चाकाची भारक्षमता आणि बोल्टच्या छिद्रांचे अंतर आधी तपासावे. चकाकी नंतर पाहावी.

वर्गात ॲल्युमिनिअमची तार मागेपुढे वाकवून पाहा. किती वेळा वाकवल्यावर तुटते?