घरगुती सर्व्हर अडला तर काय तपासाल?

दुकानाचा हिशेब वहीतून संगणकावर येऊन आता बराच काळ लोटला आहे. उधारीची खाती, मालाची यादी, कारागिरांची हजेरी आणि नमुन्यांची छायाचित्रे एका ठिकाणी राहावीत व घरातल्या आणि दुकानातल्या सर्वांना ती पाहता यावीत, यासाठी काही व्यापारी बंधू तळहातावर मावणारा छोटा संगणक चोवीस तास चालू ठेवतात. यालाच घरगुती सर्व्हर म्हणतात. ब्रिटनमध्ये तयार झालेला व २०१२ साली बाजारात आलेला ‘रास्पबेरी पाय’ हा या जातीतला सर्वांत परिचित संगणक. तो लिनक्स प्रणालीवर चालतो, वीज कमी खातो आणि आवाज करीत नाही.

मात्र एके सकाळी तो उत्तर देत नाही आणि गिऱ्हाईक समोर उभे असते. अशा वेळी घाबरून नवे यंत्र विकत घेणे किंवा सर्व पुसून प्रणाली पुन्हा भरणे, या दोन्ही गोष्टी नुकसानीच्या आहेत. पुसण्याच्या घाईत यंत्र वाचते, पण उधारीचे खाते जाते. म्हणून तपासणी क्रमाने करावी : आधी वीज, मग कार्ड, मग कर्नेल आणि शेवटी नेटवर्क.

वीज

दोष बहुधा येथेच सापडतो. रास्पबेरी पाय ४ ला ५ व्होल्ट व ३ अँपिअरचा पुरवठा लागतो. घरात पडलेला मोबाईलचा जुना चार्जर लावला की यंत्र सुरू होते, पण काम वाढले की दाब उतरतो. तो सुमारे ४.६ व्होल्टच्या खाली गेला की यंत्र तशी नोंद करते. ही नोंद पाहण्यासाठी डी, एम, ई, एस, जी या पाच अक्षरांची आज्ञा द्यावी. कर्नेलने लिहिलेली रोजनिशी समोर येते. तीत ‘अंडर-व्होल्टेज’ हा शब्द दिसला तर बाकी सर्व सोडून आधी चार्जर व वायर बदलावी. पहिल्या मॉडेलांपासून तिसऱ्यापर्यंत नेटवर्कची केबल यूएसबीच्या मार्गानेच जोडलेली होती. त्यामुळे अशा यंत्रात यूएसबीची बाजू अडली की नेटवर्कही तुटते, आणि आपण उगाच राऊटरला दोष देतो.

कार्ड

सर्व माहिती बोटाच्या नखाएवढ्या मेमरी कार्डावर असते. लिहिणे चालू असताना वीज गेली की कार्डावरची मांडणी बिघडते. कधी कधी कर्नेल पुढचे नुकसान टाळण्यासाठी कार्ड ‘फक्त वाचा’ या स्थितीत टाकतो. जुनी खाती दिसतात, नवी नोंद मात्र होत नाही. अशा वेळी दुरुस्तीला हात घालण्यापूर्वी कार्डाची पूर्ण नक्कल दुसरीकडे काढून ठेवावी.

कर्नेल

कर्नेल हा कारखान्यातल्या मुकादमासारखा असतो. कार्यक्रम काम सांगतात आणि तो ते यंत्राच्या भागांकडून करून घेतो. प्रत्येक भागाशी बोलण्यासाठी त्याच्याजवळ ड्रायव्हर असतात. कर्नेल अद्ययावत केला की त्याची आवृत्ती बदलते. पण बाहेरून आणून बसवलेला ड्रायव्हर, उदाहरणार्थ यूएसबीच्या वाय-फाय पट्टीचा, जुन्या आवृत्तीसाठी बनवलेला असतो. नवा मुकादम त्याला ओळखत नाही आणि वाय-फाय नाहीसे होते. पट्टी बिघडलेली नसते. यंत्र एकदा रीतसर बंद करून चालू करावे. तरीही जमले नाही तर नेटवर्कची साधी केबल जोडून काम चालवावे आणि नव्या कर्नेलसाठी ड्रायव्हर पुन्हा बनवून घ्यावा. केबलचा ड्रायव्हर कर्नेलबरोबरच येतो, म्हणून ती बहुधा चालतेच.

नेटवर्क

प्रथम केबलच्या तोंडाशी दिवा लागतो का ते पाहावे. नंतर यंत्राला मिळालेला पत्ता पाहावा. तो १६९.२५४ ने सुरू होत असेल तर राऊटरने पत्ता दिलेलाच नाही, यंत्राने स्वतः काढला आहे, असे समजावे. पत्ता ठीक असेल तर ‘पिंग’ आज्ञेने आधी राऊटरला, मग बाहेरच्या एखाद्या अंकी पत्त्याला हाक मारावी. अंकी पत्ता उत्तर देतो पण नावाने स्थळ सापडत नाही, तर दोष नावांचे पत्त्यात रूपांतर करणाऱ्या डीएनएस सेवेत आहे. पुष्कळदा मात्र सर्व्हर ठणठणीत असतो. वीज जाऊन आल्यावर राऊटरने त्याला वेगळा पत्ता दिलेला असतो आणि दुकानातला संगणक जुन्याच दारावर थाप मारीत बसतो. राऊटरमध्ये सर्व्हरचा पत्ता कायमचा राखून ठेवला की ही कटकट संपते.

तारखेकडे लक्ष द्या

रास्पबेरी पाय ४ पर्यंतच्या मॉडेलांत बॅटरीवर चालणारे घड्याळ नाही. ते वेळ इंटरनेटवरून घेतात. २०२३ च्या पाचव्या मॉडेलात घड्याळ आहे, पण त्याची बॅटरी वेगळी घ्यावी लागते. वीज गेली आणि नंतर इंटरनेट आले नाही, तर यंत्र मागची वेळ धरून चालते व बिलावर चुकीची तारीख पडते. उधारीच्या वादात अशी एक तारीख महाग पडू शकते. म्हणून दुकान उघडताच तारीख पाहून घ्यावी.

एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि काय बदलले ते वहीत लिहावे. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर दोष कशात होता ते कळत नाही, आणि तो पुन्हा आला की पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. खात्यांची नक्कल दर आठवड्याला दुसऱ्या ठिकाणी काढावी आणि एक तयार कार्ड गल्ल्यात ठेवावे. यंत्र बाजारात पुन्हा मिळते, वर्षाची उधारी मात्र कोणत्याही दुकानात विकत मिळत नाही.