शिकवणारे बदलतात, पोर तिथंच राहतं

गाळपाचा हंगाम संपला की हंगामी कामगार घरी जातो, पण कारखाना त्याचे नाव काही काढून टाकीत नाही. त्याला रिटेन्शन भत्ता मिळतो, आणि बॉयलर पुन्हा पेटला की तोच पॅनमन त्याच पॅनपाशी उभा राहतो. पाकात दाणा केव्हा धरतो हे नजरेने ओळखणारा माणूस दरसाल नवा मिळत नसतो, हे सभासद बंधूंना सांगावयास नको. दिव्यांग मुलांना शिकविणाऱ्या शिक्षकांच्या बाबतीत मात्र हा साधा व्यवहार आपल्याकडे कैक वर्षे पाळला गेला नाही.

मी हे एक बाप म्हणून लिहितो आहे. आमचा मुलगा बारा वर्षांचा. सेलू तालुक्यातल्या आमच्या गावच्या शाळेत सहावीत आहे. पूर्वी अशा मुलास मतिमंद म्हणत, आता बौद्धिक दिव्यांग म्हणतात. शब्द सुधारला, हे चांगलेच झाले. पण २०२१ ते २०२४ या तीन वर्षांत त्याला चार विशेष शिक्षक लाभले, आणि चौघेही कंत्राटी.

पहिल्या मॅडमनी त्याला शर्टाची बटणे शिकवायला घेतली. वरची सगळी बटणे त्या स्वतः लावीत आणि शेवटचे एक त्याच्यासाठी सोडीत. ते जमू लागल्यावर दोन सोडू लागल्या. काम असे मागच्या टोकाकडून शिकवले म्हणजे ते पुरे केल्याचा आनंद दर वेळी पोराच्याच वाट्याला येतो. या मुलांना शिकवायची ही एक पक्की रीत आहे, आपल्याला बाहेरून ती दिसत नाही एवढेच. तिसऱ्या बटणापर्यंत गाडी आली, आणि मॅडमना दुसरीकडे कायम नोकरी लागली. त्यांना दोष कसा द्यावा? करार दरवर्षी नवा, मानधन तुटपुंजे, पुढचा आदेश निघेल की नाही याचा भरवसा नाही. पोटाला लागते ते त्यांनाही लागतेच.

दुसरे सर आले ते मूकबधिर मुलांना शिकविण्याचे प्रशिक्षण घेतलेले. विशेष शिक्षकाचे शिक्षण अपंगत्वाच्या प्रकारानुसार निरनिराळे असते, आणि त्याची नोंदणी १९९२ च्या कायद्याने झालेल्या भारतीय पुनर्वास परिषदेकडे व्हावी लागते. माणूस कष्टाळू होता. पण ऊसवाल्याच्या हाती संत्र्याचा बगीचा द्यावा, तशी गत झाली. तिसऱ्या बाई दोन महिने टिकल्या. चौथ्यांनी पुन्हा कोरा फॉर्म काढून ‘मुलाचे नाव काय?’ येथून आरंभ केला. घरची मंडळी म्हणते, “नवीन म्याडम आली का पोट्टं चार दिवस दरवाजामागं जाऊन बसते. मंग ओळख होते, तं म्याडमच जाते!” बटणे लावणे तर त्याने सोडूनच दिले होते. शर्ट डोक्यावरून ओढून काढायचा आणि तसाच घालायचा.

तसे पाहिले तर या मुलांना गावच्या शाळेत जागा मिळाली हेच मोठे काम झाले. १९७४ साली केंद्राने त्यासाठी योजना आणली, आणि २०१६ च्या कायद्याने ६ ते १८ वयापर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क दिला. मुलांचा हक्क कायद्यात आला, पण शिकविणारे योजनेवरच राहिले. सर्व शिक्षा अभियान होते तेव्हाही करार, २०१८ साली त्याचे समग्र शिक्षा झाले तरीही करारच.

मग सर्वोच्च न्यायालयाने २८ ऑक्टोबर २०२१ रोजी प्रमाण ठरवून दिले : प्राथमिक वर्गांत अशा १० मुलांमागे १ विशेष शिक्षक, वरच्या वर्गांत १५ मागे १. मार्च २०२५ मध्ये न्यायालयाने सर्व राज्यांना पदे मंजूर करण्याचे आणि जुन्या कंत्राटी शिक्षकांची छाननी करून त्यांना नियमित करण्याचे आदेश दिले. आपल्या राज्य शासनाने २०२४ सालीच केंद्रशाळांच्या पातळीवर ४८६० विशेष शिक्षकांची पदे निर्माण केली आहेत. निर्णय स्वागतार्ह आहे, पण हिशेब करून पाहावा. एका केंद्राखाली साधारण दहा शाळा धरल्या आणि आठवड्याचे दिवस सहा, तर शाळेची पाळी दहा-बारा दिवसांनी येणार. त्यात मीटिंगा, अहवाल नि निवडणुकीची कामे आहेतच.

आम्ही घरी एक दोनशे पानी वही घातली आहे. पोराला कोणता आवाज सहन होत नाही, कोणते शब्द कळतात, कशाने शांत होतो, गाडी कितव्या बटणावर आहे, हे सगळे तारीखवार. नवा शिक्षक आला की प्रथम वही पुढे करायची. खरे तर प्रत्येक मुलाचा वैयक्तिक शैक्षणिक आराखडा शिक्षकाने करावयाचा असतो. तो शाळेच्या कपाटात पडून राहतो. पालकांनी त्याची प्रत मागून घ्यावी. आणि जाणारा शिक्षक व येणारा शिक्षक यांनी निदान एक आठवडा मुलासोबत एकत्र बसावे. आपल्या कारखान्यात पाळी बदलताना पॅनमन पुढच्या गड्याला पॅनची स्थिती सांगितल्याशिवाय पायरी उतरत नाही. पोराच्या बाबतीत तेवढे मागितले तर काही जास्त होत नाही.

आपल्यापैकी पुष्कळ सभासद गावच्या शाळा व्यवस्थापन समितीवर आहेत. पुढल्या बैठकीत त्यांनी दोन प्रश्न जरूर मांडावेत, आणि उत्तर लेखी घ्यावे. आपल्या केंद्राचे विशेष शिक्षकाचे पद भरले आहे काय? आणि जे आले आहेत त्यांचे प्रशिक्षण कोणत्या प्रकारच्या मुलांसाठी झाले आहे?