विकिपीडियाचा सांगाडा

विकिपीडियाचे लेख स्वयंसेवक लिहितात, हे बहुतेकांना ठाऊक असते. पण तो ज्या प्रणालीवर चालतो, तिची पायाभरणीही स्वयंसेवकांचीच. सुरुवातीची उसनी प्रणाली अपुरी पडू लागली, तेव्हा माग्नुस मान्स्के या जर्मन विद्यार्थ्याने नवी लिहिली. जानेवारी २००२ मध्ये ती वापरात आली. काही महिन्यांतच वाढत्या वर्दळीने तिची दमछाक झाली आणि ली डॅनियल क्रॉकर यांनी ती नव्याने बांधली. विकिपीडियाची आजची प्रणाली, मीडियाविकी, तिचीच वंशज.

आता पगारी अभियंतेही आहेत. तरी रचनेतल्या बदलांवर उघड चर्चा होते, कोणीही आक्षेप घेऊ शकतो. त्यामुळे काम रेंगाळते, हे खरे. बटणांवरचे ‘संपादन’, ‘चर्चा’ असे मराठी शब्दही ट्रान्सलेटविकी या भाषांतराच्या संकेतस्थळावर स्वयंसेवकच बसवतात. एकेका शब्दावरून वाद घालायला आपण मराठी माणसे तयारच असतो.